वर की खाली: डेव्हिस कपच्या उंबरठ्यावरच्या लढती

सिल्वासाहून मोठं टेनिस पाहायला जायचं, तर आधी वापी गाठायची आणि तिथून मुंबईची गाडी पकडायची. एप्रिल २००६ मध्ये असा खटाटोप करण्याजोगी एक लढत चर्चगेट स्थानकापासून पाच-दहा मिनिटांच्या पायपिटीवर होती. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, म्हणजे सीसीआयच्या, हिरवळीवर भारत आणि पाकिस्तान समोरासमोर होते आणि भारत ३-२ असा जिंकला. लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘पाकिस्तानला हरवलं’ एवढंच. त्या लढतीचा खरा अर्थ वेगळा होता. फेब्रुवारीत भारत कोरियाकडून हरला होता आणि मुंबईत तो कुठलाही चषक जिंकायला उतरला नव्हता, आशिया-ओशनिया विभागाच्या पहिल्या गटातून खाली घसरू नये म्हणून खेळत होता.

अशा लढतीला प्ले-ऑफ म्हणतात. भारताने डेव्हिस कपची अंतिम फेरी १९६६, १९७४ आणि १९८७ अशी तीनदा गाठली. तरी गेल्या तीसेक वर्षांत आपण जे काही जिवावर उदार होऊन खेळलो, ते बहुतेक या उंबरठ्यावरच.

एका लढतीचा हिशेब

डेव्हिस कपमध्ये देश देशाशी खेळतो. एका लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने, आणि तीन जिंकणारा देश विजयी. निकाल आधीच लागला तर उरलेला सामना नुसता उपचार, अनेकदा तो खेळवतही नाहीत. पूर्वी हे तीन दिवस चाले: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी परतीच्या एकेरी, आणि प्रत्येक सामना पाच सेटचा. आता दोनच दिवस आणि तीन सेट. जुन्या प्रेक्षकांना हे पचलेलं नाही. मलाही नाही. शनिवारच्या दुहेरीनंतरची ती तळमळती रात्रच गेली.

घसरण आली कुठून?

१९८१ पूर्वी बढती आणि घसरण हा प्रकारच नव्हता. दरवर्षी प्रत्येक देश आपापल्या विभागात नव्याने सुरुवात करी, आणि विभाग जिंकणारे पुढे भिडत. सप्टेंबर १९७४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर भारताने सोव्हिएत संघाला ३-१ असं हरवलं ते याच पद्धतीत, आणि आपण थेट अंतिम फेरीत पोहोचलो. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी राजवटीचा निषेध म्हणून भारताने ती अंतिम लढत खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच आफ्रिकेला गेला.

१९८१ मध्ये सोळा देशांचा जागतिक गट आला. वर सोळा, बाकीचे सगळे खाली. पुढे पद्धत अशी बसली: पहिल्या फेरीत हरलेले आठ देश सप्टेंबरात पुन्हा खेळायचे, आणि त्यांच्यासमोर खालच्या विभागांतून वर आलेले आठ देश. जिंकेल तो पुढच्या वर्षी सोळांत.

प्ले-ऑफची मजा इथेच आहे. एक संघ वर चढायला आलेला असतो, दुसरा खाली पडू नये म्हणून धडपडत असतो, आणि दार एकच. चढणाऱ्याकडे गमावण्यासारखं थोडं असतं. पडणाऱ्याकडे बहुतेक वेळा चांगले खेळाडू असतात. म्हणून या लढतींत क्रमवारी पाहून अंदाज बांधणारे तोंडघशी पडतात.

१९९५ चा सप्टेंबर, दिल्ली. समोर क्रोएशिया आणि त्यांचा गोरान इव्हानिसेविच, जगातल्या पहिल्या दहांतला खेळाडू, सर्व्हिस तोफगोळ्यासारखी. लिएंडर पेस त्याच्या आसपासही नव्हता. पहिले दोन सेट गेले. नंतर पेसने ६-७, ४-६, ७-६, ६-४, ६-१ असा सामना फिरवला. भारत ३-२ ने जिंकून सोळांत गेला. सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्ध भारत पहिल्याच दिवशी ०-२ असा मागे पडला. पेस आणि महेश भूपतीने दुहेरी जिंकली. मग चेन्नईच्या उकाड्याने आपलं काम केलं आणि सोमदेव देववर्मनविरुद्ध थॉमस बेलुचीने सामना अर्धवट सोडला. शेवटी रोहन बोपण्णाने रिकार्डो मेलोला हरवलं. ३-२.

बालेवाडीहून एडमंटनला

खालून वर येण्याचा रस्ता किती लांब असे, ते २०१७ वरून कळतं. फेब्रुवारीत पुण्याच्या बालेवाडीत न्यूझीलंडशी गाठ पडली. डेक्कन जिमखान्यावरच्या त्या लढतीनंतर त्रेचाळीस वर्षांनी पुण्यात डेव्हिस कप आला होता. युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन यांनी आपापल्या दोन्ही एकेरी जिंकल्या आणि भारत ४-१ ने पुढे गेला. गेला तो एक गुण दुहेरीचा. पेस डेव्हिस कपमधल्या विक्रमी त्रेचाळिसाव्या दुहेरी विजयाच्या शोधात होता, पण तो आणि विष्णु वर्धन हरले. तो विजय पेसला पुढच्या वर्षी चीनमध्ये तियानजिनला बोपण्णाच्या साथीने मिळाला.

पुण्यानंतर एप्रिलमध्ये बंगळुरूत उझबेकिस्तानला ४-१ असं हरवलं. एवढं केल्यावर कुठे सप्टेंबरात प्ले-ऑफ, तीही कॅनडात एडमंटनला. तिथे २-३ हार. म्हणजे वर्षभर तीन शहरं, दोन विजय आणि परत जिथल्या तिथे.

हे दुखणं जुनं होतं. २०१४ मध्ये बंगळुरूत जोकोविच नसलेल्या सर्बियाविरुद्ध भारत ०-२ वरून २-२ वर आला. पावसाने निर्णायक सामना सोमवारवर ढकलला आणि तो फिलिप क्रायिनोविचने जिंकला. २०१५ मध्ये दिल्लीत चेक प्रजासत्ताक, २०१६ मध्ये तिथेच नदाल असलेला स्पेन, २०१७ मध्ये कॅनडा, २०१८ मध्ये पुन्हा सर्बिया. सलग पाच वर्षं दारापर्यंत जाऊन परत. काही जण याला नामुष्की म्हणत. माझ्या मते दरवर्षी दारापर्यंत पोहोचणं हीच त्या संघाची खरी कमाई होती. त्या काळात एकेरीत पहिल्या पन्नासातला एकही खेळाडू आपल्याकडे नव्हता.

आताची शिडी

२०१९ मध्ये सोळांचा गट मोडला. आताची रचना पाहताना थोडं बोटांवर मोजावं लागतं, पण तेरा आणि सव्वीस हे दोन आकडे धरून ठेवले की पुरे.

सगळ्यात वर वर्षअखेरीची आठ देशांची अंतिम स्पर्धा. तिच्याखाली पात्रता फेरी, आणि त्याखाली जागतिक गट १. या गटात सव्वीस देश सप्टेंबरात तेरा लढती खेळतात. जिंकलेले तेरा पुढच्या वर्षी पात्रता फेरीत जातात. हरलेल्या तेरांना फेब्रुवारीत प्ले-ऑफ खेळावी लागते, आणि तिथे त्यांच्यासमोर जागतिक गट २ जिंकून आलेले तेरा उभे असतात. तिथे जिंकला तो गट १ मध्ये, हरला तो गट २ मध्ये. गट २ च्या खालीही असाच उंबरठा आहे. तो ओलांडून आणखी खाली गेलं की विभागीय गट, तिथे एकाच शहरात आठवडाभर साखळी सामने होतात.

भारताने ही शिडी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये डेन्मार्ककडून २-३ हरून तो गट २ मध्ये गेला. त्याच सप्टेंबरात लखनौला मोरोक्कोला ४-१ असं हरवलं, बोपण्णाची ती शेवटची डेव्हिस कप लढत. फेब्रुवारी २०२४ मध्ये इस्लामाबादेत पाकिस्तानवर ४-० विजय मिळवून गट १. सप्टेंबरात स्वीडनकडून ०-४ मार, म्हणून पुन्हा प्ले-ऑफ. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत टोगोला ४-० असं हरवून ती पार केली.

कोर्ट कुणाचं?

डेव्हिस कपमधला सगळ्यात मोठा खेळाडू कधी कधी कोर्टच असतं. यजमान देश शहर आणि पृष्ठभाग दोन्ही ठरवतो. मार्च २०२२ मध्ये भारताने डेन्मार्कला दिल्ली जिमखान्याच्या हिरवळीवर बोलावलं आणि ४-० ने धुतलं. अकराच महिन्यांनी त्यांच्या घरी आपण हरलो.

यजमानपद आळीपाळीने मिळतं, मागची लढत ज्याच्या घरी झाली त्याने पुढच्या वेळी प्रवास करायचा. सर्बियाचं पाहा: २०११ मध्ये नोवी साद, २०१४ मध्ये बंगळुरू, २०१८ मध्ये क्रालयेवो. २००६ च्या सीसीआयच्या लढतीचं देणंही असंच फिटलं. २०१९ मध्ये पाळी पाकिस्तानची होती, पण लढत कझाकस्तानात त्रयस्थ ठिकाणी हलवावी लागली. यजमानपद मात्र पाकिस्तानकडेच राहिलं, म्हणून २०२४ मध्ये साठ वर्षांनी भारताचा डेव्हिस कप संघ पाकिस्तानात गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये गट १ च्या लढतीसाठी भारत स्वित्झर्लंडमध्ये बीलला गेला, कारण १९९३ मध्ये त्यांना आपण कोलकात्यात खेळवलं होतं. दक्षिणेश्वर सुरेश आणि सुमित नागल यांनी एकेरी जिंकून भारताला ३-१ असा विजय आणि पात्रता फेरीची जागा मिळवून दिली. १९९३ मध्येच फ्रान्सला फ्रेजुसमध्ये हरवल्यानंतर युरोपातल्या देशाला त्याच्या घरी जाऊन हरवण्याची ही पहिलीच वेळ. स्वित्झर्लंडशी पुन्हा गाठ पडली, तर कोर्ट कुठलं आणि हिरवळ की माती, हे आता भारत ठरवील.