न गंजणारी सळई

नाशिकच्या पंचवटीत एखाद्या जुन्या वाड्याची भिंत ढासळली की मातीतून पेंढ्याच्या काड्या बाहेर डोकावतात. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. वाळताना तडकू पाहते, तेव्हा पेंढा तिला आवळून धरतो. चुन्याच्या गिलाव्यात ताग कातरून घालत, तोही याचसाठी. कंपोझिटचं, म्हणजे संमिश्र साहित्याचं, मूळ सूत्र एवढंच. आता पेंढ्याच्या जागी काच किंवा कार्बनचे तंतू आले आणि मातीच्या जागी इपॉक्सीसारखी राळ.

नाशिकला हे साहित्य परकं नाही. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावलं. तेजसच्या बाह्यांगाचा सुमारे ९० टक्के भाग कंपोझिटचा आहे. तिथून तासाभरात गाठता येणाऱ्या शहरातले स्लॅब मात्र अजून पोलादी सळईच्याच भरवशावर टाकले जातात.

सळई गंजली की फुगते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि पोपडे सुटतात. पणजीचा मांडवी पूल १९७० साली खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजाने खाल्ल्या होत्या. अवघी सोळा वर्षं!

काचतंतूची सळई गंजत नाही. वजनाला पोलादाच्या जेमतेम पाव, आणि ताणशक्ती नेहमीच्या सळईहून अधिक. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये तिच्यासाठी मानकही काढलं. तरी ती सरसकट वापरावी असं मला वाटत नाही. तिचा ताठपणाही पोलादाच्या पावपटच असतो, त्यामुळे त्याच जाडीचा स्लॅब जास्त झोल खातो. पोलाद तुटण्याआधी लांबतं, इशारा देतं. ही सळई तसा इशारा न देता एकदम तुटते. आगीत राळ मऊ पडते. फिटरला ती साइटवर वाकवता येत नाही, रिंगा कारखान्यातूनच आणाव्या लागतात. राहत्या घराच्या छतात म्हणूनच घाई नको. घाटाच्या पायऱ्या, गटारं, सांडपाण्याच्या टाक्या, जिथे ओल हटतच नाही, तिथे तिने आधी स्वतःला सिद्ध करावं.

जुन्या बांधकामांना खरा आधार कार्बनच्या पट्ट्यांचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाख पुलात सिग्नलसाठी भोकं पाडताना आतली ताणतार कापली गेली. १९९१ मध्ये तो पूल सावरायला १७५ किलो पोलादाऐवजी सहा-एक किलो कार्बनच्या पट्ट्या पुरल्या. पण आतली गंजकी सळई तशीच ठेवून वर पट्टी चिकटवली, तर गंज झाकला जातो, थांबत नाही. सोसायटीच्या बैठकीत पिलर दुरुस्तीचं अंदाजपत्रक येईल, तेव्हा पट्टीच्या दराआधी त्यात पोकळ काँक्रीट फोडण्याचा आणि सळई घासून साफ करण्याचा खर्च आहे का, ते पाहा.