अहेरीची नदी, भामरागडची नदी

पायथन 3 ही आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली आणि तेव्हापासून पायथनमध्ये चक्क देवनागरी नावं चालतात. मग गडचिरोलीतल्या माणसानं 'एक्स' अन् 'वाय' कशाला वापरावेत? 'अहेरी' नावाची फाइल करा. तिच्यात लिहा, नदी = 'प्राणहिता'; वर्धा-वैनगंगा मिळून झालेली, अहेरीजवळून वाहणारी. खाली 'सांगा' हे फंक्शन. काम एवढंच, 'नदी' परत देणं. दुसरी फाइल 'भामरागड'. तिच्यात नदी = 'पर्लकोटा'. आता भामरागडमध्ये अहेरीतलं 'सांगा' इम्पोर्ट करा आणि तिथूनच चालवा.

उत्तर येतं, प्राणहिता!

फंक्शन नाव शोधतं ते स्वतः जिथे लिहिलं गेलं त्या फाइलीत. बोलावलं कुठून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इम्पोर्ट म्हणजे मजकूर उचलून इकडे चिकटवणं नव्हेच. पायथन अहेरीची फाइल वरून खालपर्यंत एकदा चालवतो, तयार झालेलं मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स' या कोशात ठेवतो आणि भामरागडच्या यादीत फक्त 'सांगा' हे नाव घालतो. त्याच प्रोग्राममध्ये सिरोंचा, एटापल्ली अशा आणखी फायलींनी अहेरी मागितली, तरी ती पुन्हा चालत नाही.

इथवर सरळ आहे. खरी गंमत क्लासची. अहेरीच्याच फाइलीत 'गाव' नावाचा क्लास लिहा. त्यात नदी = 'इंद्रावती', आणि लगेच खालच्या ओळीत एक मेथड, नुसतं 'नदी' परत देणारी. इंद्रावती अगदी डोक्यावर, तरी उत्तर पुन्हा प्राणहिताच! मेथड आधी स्वतःची नावं बघते, मग तिला वेढणारं एखादं फंक्शन असेल तर त्यातली, मग फाइलीतली, शेवटी पायथनची अंगभूत. या वाटेवर क्लास लागतच नाही. इंद्रावती हवी तर 'सेल्फ.नदी' असं स्पष्ट मागावं लागतं.

विक्षिप्तपणा? मला तर यात शहाणपण दिसतं. क्लासमधली नावं मेथडना थेट दिसत असती, आणि कुणी त्यात 'प्रिंट' नावाची मेथड लिहिली असती, तर शेजारच्या मेथडमधला साधासुधा प्रिंटही तिच्याकडेच वळला असता. चूक शोधता शोधता रात्र गेली असती.

या नियमातून इम्पोर्टही सुटत नाही. क्लासच्या आत, मेथडच्या बाहेर 'इम्पोर्ट मॅथ' लिहून पाहा. पायथन तक्रार करत नाही. मात्र ते अख्खं गणिताचं मॉड्यूल आता 'गाव'चा एक गुणधर्म झालेलं असतं, आणि मेथडमध्ये वर्गमूळ काढायचं तर 'सेल्फ.मॅथ' म्हणावं लागतं.