‘ईना मीना डीका’चा जन्म

एका देशातील ठेका दुसऱ्या देशातील गाण्यात मिसळतो, ही संगीताच्या इतिहासातील नित्याची गोष्ट आहे. जमैका बेटावर १९६८ च्या सुमारास उदयास आलेले ‘रेगे’ संगीत पुढे असेच जगभर पसरले. त्याआधी काही वर्षे आपल्याकडेही असा एक प्रयोग झाला होता. त्याचे कर्ते होते संगीतकार सी. रामचंद्र.

रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे संपूर्ण नाव. त्यांचा जन्म १९१८ साली पुणतांबे येथे झाला. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांनी रागदारीचे धडे घेतले. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांना गोमंतकीय वादकांचा सहवास लाभला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य संगीत शिकवीत असत; त्यामुळे हे वादक सॅक्सोफोन, ट्रंपेट यांसारखी वाद्ये सफाईने वाजवीत.

१९५७ साली ‘आशा’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची गाणी तयार होत असताना अमेरिकेत ‘रॉक अँड रोल’ या उसळत्या तालाच्या संगीताची धूम होती. असे सांगतात, की एके दिवशी रामचंद्रांच्या संगीतकक्षाबाहेर मुले खेळत होती आणि राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी एक इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. ते ऐकताच रामचंद्र व त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स तशाच निरर्थक, पण नादमधुर शब्दांची जुळणी करू लागले. गोम्स यांनी त्यात ‘माका नाका’, म्हणजे ‘मला नको’, हे कोकणी शब्दही घातले. राजेंद्र कृष्ण यांनी गीत लिहिले. किशोरकुमार व आशा भोसले यांनी ते निरनिराळे गायिले.

अशा उसन्या तालांनी आपले संगीत बिघडेल, अशी भीती तेव्हा अनेक जाणकारांस वाटे. १९५२ पासून आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले होते. श्रोते मात्र रेडिओ सिलोन लावून ती ऐकत. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीते तेथे परतली. ‘ईना मीना डीका’ तर आबालवृद्धांच्या ओठी बसले.

ती भीती कितपत खरी होती? २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीस लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत गायिले, तेव्हा पंतप्रधान नेहरूंचेही डोळे पाणावले. त्या गंभीर गीताची चालही सी. रामचंद्र यांचीच होती. परक्या तालाशी खेळताना ते आपले सूर विसरले नव्हते.