महागडा माइक खरंच चांगला असतो का?

दोन माइकांची तुलना करताना कान सहज फसतो. आवाज किंचित मोठा असला, की तोच भरदार वाटतो. कारण पातळी वाढली की खर्जाचे स्वर कानाला अधिक जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून आधी दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी करतात आणि कोणता माइक चालू आहे, हे ऐकणाऱ्याला सांगत नाहीत. किंमत ठाऊक असली की मत आधीच ठरते!

खरा फरक माइकच्या आतल्या, आवाजाने थरथरणाऱ्या पडद्यात असतो. वडनेर भोलजीसारख्या गावात सप्ताहाच्या कीर्तनाला बहुधा डायनॅमिक माइक असतो. त्याच्या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते चुंबकाच्या क्षेत्रात हलले की वीज निर्माण होते. वेटोळ्याच्या वजनाने पडदा जड होतो. ओले धोतर झुळकीने हलत नाही, तसा तो टाळांच्या बारीक झणत्काराला दाद देत नाही. स्टुडिओतल्या महागड्या कंडेन्सर माइकचा पडदा मात्र केसाहून कितीतरी पातळ असतो. तो हा झणत्कार नेमका टिपतो. मांडवामागचा जनरेटरही तितक्याच इमानाने टिपतो. त्यामुळे मांडवात साधा डायनॅमिक माइकच सरस.