रांगेत शेवटी कोण?



आईबाप मुलांत भेदभाव करतात का? विचारून पाहा. प्रत्येक जण म्हणेल, "आम्हाला सगळी सारखीच." मीही हेच म्हणत होतो.

बायबल मात्र ही गोष्ट झाकून ठेवत नाही. इसहाकाला शिकार आणणारा एसाव प्रिय, तर रिबकेचा जीव याकोबावर (उत्पत्ती २५:२८). पुढे याकोबाने हातांना करडांची कातडी लावून दृष्टी गेलेल्या बापाला फसवलं, भावाचा आशीर्वाद घेतला आणि त्याला घर सोडून पळावं लागलं. ज्या आईने हे घडवून आणलं तिची आणि त्याची पुन्हा भेट झाली, असं बायबलात कुठेही लिहिलेलं नाही.

वीस वर्षांनी तो परत निघाला. समोरून एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. आता ३३व्या अध्यायाची पहिली दोन वचनं नीट वाचा. याकोबाने दासी आणि त्यांची मुलं पुढे ठेवली, त्यांच्या मागे लेआ आणि तिची मुलं, आणि सर्वांत शेवटी राहेल आणि योसेफ. तो स्वतः सर्वांच्या पुढे गेला, हे मान्य. पण मी आयुष्य फौजेत काढलं. हल्ल्याची भीती असताना कोण पुढे आणि कोण मागे, याचा अर्थ जवानाला समजावून सांगावा लागत नाही. त्या मुलांनाही तो कळला असणार. म्हणून योसेफाच्या पायघोळ झग्याने भांडण सुरू केलं, असं मला वाटत नाही. त्याआधीच रांग लागली होती. झगा फक्त डोळ्यांना दिसला. मग भावांनी योसेफाला चांदीच्या वीस तुकड्यांना विकलं आणि तो झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला. करडाच्या कातडीने बापाला फसवणारा मुलगा स्वतः बाप झाल्यावर तसाच फसला.

आता माझं सांगतो. युनिटमध्ये रजा देताना मी यादी काटेकोर पाळायचो. कुणावर अन्याय नको. घरी मात्र थोरला फौजेत अधिकारी झाला, तेव्हा त्याच्या परेडसाठी मी दोन महिने आधी रजा टाकली. धाकट्याच्या पदवीदानाला मी रजा मागितलीच नाही. पाहुण्यांपुढे थोरल्याची पोस्टिंग, थोरल्याचे कोर्स, आणि शेवटी, "हा धाकटा, बँकेत असतो." पुढे त्याचा फोन फक्त आईला येऊ लागला. मी समजत होतो, पोरगा अबोल आहे.

निवृत्तीनंतर हा अध्याय वाचताना माझी रांग मला दिसली.

उपाय काय? दोन गोष्टी सांगतो. मुलांसाठी यहूदाकडे पाहा. योसेफाला विकू या म्हणणारा तोच. पण पुढे मिसरात बन्यामीनाच्या बदल्यात "मला गुलाम ठेवा" असं विनवणाराही तोच (अध्याय ४४). तेव्हाही बापाचा जीव बन्यामीनातच अडकला होता. बाप बदलला नव्हता, यहूदा बदलला होता.

आणि आईबापांसाठी लूक १५. उधळ्या पुत्राकडे बाप धावत गेला, हे आपण नेहमी ऐकतो. पण थोरला रुसून बाहेर उभा राहिला, तेव्हा त्याची समजूत घालायलाही तोच बाप उठून बाहेर आला. ज्या मुलाची तक्रार आहे, त्याच्याकडे आपण जायचं. त्याने यावं म्हणून वाट पाहायची नाही.

मी धाकट्याच्या घरी गेलो. म्हणालो, "बाळा, माझं चुकलं." तो काही बोलला नाही. उठून चहा ठेवला. सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. पण आता त्याचा फोन रविवारी उपासनेनंतर येतो, आणि तो मला येतो.

तुमच्या घरात रांगेत पुढे कोणाला उभं केलंय? आज रात्री प्रार्थनेत त्याचं नाव आधी घ्या, आणि उद्या त्याला फोन करा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.