पोलिओ, किल्लारी, लकवा : हालचालीच्या अभ्यासाचा मागोवा

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचं पद्धतशीर शिक्षण 1950 च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. तो पोलिओचा काळ होता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. पाय लुळा पडतो, स्पर्श मात्र कळतो. म्हणून विद्यार्थी आधी एकेक स्नायू तपासायला, त्याच्या ताकदीला 0 ते 5 गुण द्यायला शिकला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने त्याच्यापुढे वेगळा प्रश्न ठेवला. गणपती विसर्जनानंतर झोपलेल्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. अशा ढिगाऱ्याखाली मज्जारज्जू दुखावला, तर एखाद्या स्नायूपुरतं भागत नाही. इजेच्या खालची हालचाल, संवेदना, लघवीवरचा ताबा, सगळ्यालाच धक्का बसतो. आधी लुळे असलेले पाय काही आठवड्यांनी ताठरू लागतात, कारण मेंदूचा लगाम सुटलेला असतो आणि मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणं हाही उपचारच असतो.

जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही. आज लातूर-नांदेडकडच्या ओपीडीत लकवा मारलेली माणसं येतात. इथे इजा मेंदूत असते. मेंदूकडून निघालेले हालचालीचे बहुतेक चेतातंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूत गुठळी झाली की उजवा हात जातो. स्नायू जागेवरच असतो, हरवतो तो हालचालीचा मेळ.

हा मेळ रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांच्या चित्रणातून दाखवला. हातोडा नेमका तिथेच पडे, पण खांदा-कोपर-मनगटाची वाट दर घावाला थोडी निराळी असे. मेंदू उद्दिष्ट धरून ठेवतो आणि स्नायूंची जुळणी प्रत्येक वेळी नव्याने करतो.

इजा मज्जारज्जूतून मेंदूकडे सरकली, तसा ‘कोणता स्नायू दुबळा?’ हा प्रश्न ‘कोणतं काम अडलं?’ इथवर आला. लातूरच्या विद्यार्थ्याने चेतामार्ग पाठ करावेतच. त्यांच्याविना इजेची जागा कळत नाही. पण उपचार ठरवताना भाकरी थापायची आहे की खुरपायचं आहे, हे रुग्णाला आधी विचारावं. मेंदू सरावातून नव्याने शिकतो, आणि सराव त्या कामाचाच हवा.