जुन्या मोटारीच्या अंतरंगाचा रंग

वैशाखाच्या दुपारी बालाघाटच्या रस्त्यावर उभी करून ठेवलेली मोटार उघडली, की आतून एक उग्र वास येतो. तो वास कशाचा, याचा विचार आपण सहसा करीत नाही. बंद काचांच्या आत डॅशबोर्डाचे तपमान ७० अंशांपलीकडे जाते आणि प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू उडून जाऊ लागतात. त्यांचाच तवंग पुढे काचेवर आतून धुरकट थर होऊन बसतो. दुसरीकडे सूर्याचे अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक रेणुशृंखला तोडीत असतात. परिणामी वरचा पृष्ठभाग खडूसारखा होतो, करडा रंग फिका पडतो आणि दुधी भाग पिवळा पडतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० ही छोटी मोटार रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तिच्या आतील भागात प्लास्टिक विपुल होते. आज अशा मोटारींतील एखादा भाग मोडला, तर भंगारवाल्याकडे तो मिळतो खरा, पण रंगाने तो परका असतो. मग त्याला घरच्या भागांशी जुळेल असा रंग देणे ओघानेच आले.

हे काम सोपे वाटते. मलाही तसेच वाटले होते. एका जुन्या गाडीच्या खणाचे झाकण मी बाजारातल्या फवाऱ्याच्या डब्याने एका रविवारी सकाळी रंगवून टाकले. चार-सहा आठवड्यांत बोटाच्या नखाने त्याचे पोपडे निघू लागले. दोष रंगाचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, ही गोष्ट आपल्या भाषेत म्हणीसारखीच रूढ झाली आहे. तेथे कारण पानावरील मेणाचे व त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणाचे. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकवर रंग ठरत नाही, त्याचे कारण थोडे निराळे आहे. या प्लास्टिकच्या पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याची ओढच फार कमी असते. द्रव त्यावर पसरत नाही, गोळा होतो. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये हे प्लास्टिक सुबक रचनेत तयार केले व १९६३ साली त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीच्या आतील पुष्कळसे भाग याचेच असतात. ए. बी. एस. नावाचे दुसरे प्लास्टिक मात्र रंग सहज स्वीकारते.

तेव्हा प्रथम ओळख पटवावी. भागाच्या पाठीमागे बहुधा पी. पी. किंवा ए. बी. एस. अशी रोमन अक्षरे उठविलेली असतात. ती नसल्यास मागच्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते, ए. बी. एस. बुडते. (पॉलिप्रॉपिलीनमध्ये कधी खनिजाची पूड मिसळलेली असते व तेव्हा ही परीक्षा फसू शकते.) तरंगणाऱ्या भागाला रंगाआधी प्लास्टिकसाठीच असलेला खास चिकटकारक प्रायमर लागतो. माझ्या झाकणावर तोच नव्हता.

दुसरा शत्रू चकचकीत करणारे पॉलिश. त्यातील सिलिकोन पृष्ठभागावर राहिले, की रंग पडताच ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे उमटतात. म्हणून साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावे, कोरडे झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, ६०० ते ८०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने हलकेच घासावे आणि पुन्हा पुसावे. त्यानंतर पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे.

रंग जुळविणे ही खरी कसोटी. पहिला प्रश्न असा, की जुळवायचे कोणत्या रंगाशी? आसनाखाली किंवा स्क्रूच्या टोपीमागे मूळ रंग शाबूत असतो, पण समोर दिसणारा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने फिका झालेला असतो. एकच भाग रंगवायचा असेल, तर फिक्या रंगाशी जुळवावे. सर्वच रंगवायचे असेल, तर मूळ रंगाशी. करडा म्हणजे केवळ काळा व पांढरा अशी समजूत आहे, पण त्या दोहोंच्या मिश्रणात निळसर छटा येते. ती घालविण्यास पिवळ्या मातीचा अथवा अंबर नावाच्या तपकिरी रंगाचा किंचित अंश लागतो. गंमत अशी, की अंबरला त्याची गडद छटा देतो तो मँगनीजच. आपल्या भरवेलीच्या खाणीत ज्याचे खनिज निघते, तेच हे मूलद्रव्य. आधी फिका रंग घ्यावा, गडद रंग थेंबाथेंबाने घालावा, आणि पुठ्ठ्यावर ठिपका लावून तो वाळल्यावरच निर्णय करावा. ओला रंग फसवितो.

एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, याला शास्त्रज्ञ मेटामेरिझम म्हणतात. दोन मिश्रणांतील रंगद्रव्ये निराळी असली, म्हणजे ती प्रकाशलहरींचे शोषण निराळ्या रीतीने करतात. मग एका प्रकाशात डोळ्यांना भासणारे साम्य दुसऱ्या प्रकाशात टिकत नाही. म्हणून ठिपका उन्हात, सावलीत व रात्री दिव्याखाली असा तिन्ही वेळा पाहावा.

चकाकीही जुळली पाहिजे. डॅशबोर्डाचा माथा चकचकीत रंगविला, तर उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि चालकाचे डोळे दिपतात. तेथे मॅट रंगच हवा. ज्या झाकणामागे अपघातात फुगणारी हवेची पिशवी असते, ते मात्र रंगवूच नये.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून तयार होणाऱ्या पक्क्या रंगांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो व एकदा जडला, की पुढे अल्प मात्राही बाधते. तोंडावर रुमाल बांधून हे टळत नाही. योग्य मुखवटा व मोकळी हवा नसेल, तर ते काम नाकारावे. कारागीर कितीही रागावला, तरी नाकारावे.

माझे झाकण मी दुसऱ्यांदा रंगविले. पोपडे निघालेले नाहीत. दिव्याखाली ते शेजारच्या भागाशी एकरूप दिसते; वैनगंगेच्या पुलावर सायंकाळचे ऊन आत आले, की किंचित हिरवट वाटते.